वेळूचा बाण, कार्बनचा बाण

खांडववनाच्या दहनप्रसंगी अग्नीच्या विनंतीवरून वरुणाने अर्जुनाला गांडीव धनुष्य दिले आणि त्याबरोबर दोन अक्षय भाते दिले, अशी महाभारतातील कथा आहे. गांडीवाची कीर्ती सर्वतोमुखी झाली. भात्यांचे मोल मात्र फारसे कोणी बोलून दाखवीत नाही. पण ज्याने मैदानावर धनुष्य चालविले आहे आणि गवतात शिरलेला एखादा बाण शोधण्यात संध्याकाळ घालविली आहे, अशा कोणासही विचारावे. या दोन देणग्यांपैकी अधिक हेवा वाटावा अशी कोणती, हे तो तत्काळ सांगेल. धनुष्य एकदा घेतले की जपून वापरल्यास वर्षानुवर्षे साथ देते. बाण हरवतो, मोडतो, आधी रुतलेल्या बाणाच्या पाठीत शिरून त्याच्यासह निकामी होतो. ज्यांना अक्षय भाता लाभलेला नाही अशा सर्व धनुर्धरांपुढे म्हणूनच एक प्रश्न सदैव उभा असतो: आपल्या ऐपतीत बसेल आणि तरीही नेमका जाईल असा बाण कोणता? कार्बनच्या बाणांच्या किमती पाहिल्या की हा प्रश्न आजच्या काळातला वाटू लागतो. वस्तुतः तो दोन हजार वर्षांचा तरी जुना आहे, आणि त्याचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला तर आजची निवडही पुष्कळ सोपी होते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना बाणांचे पाच प्रकार नोंदविले आहेत: वेणू, शर, शलाका, दंडासन आणि नाराच. वेणू म्हणजे बांबू; शर म्हणजे नदीकाठी उगवणारे बोरूसारखे उंच गवत; शलाका ही भरीव लाकडाची काडी; दंडासन हा टीकाकारांच्या मते निम्मा लोखंडी; आणि नाराच हा सगळाच लोखंडी. बाणाची टोके छेदण्यासाठी, भेदण्यासाठी की ताडनासाठी आहेत ते पाहून लोखंडाची, हाडाची अथवा लाकडाची करावीत, असेही तेथे सांगितले आहे. ही यादी वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. नदीकाठी फुकट मिळणाऱ्या गवतापासून भट्टीत घडविलेल्या लोखंडापर्यंत चढत गेलेली ती किमतीचीही उतरंड आहे. राजाच्या कोठारातसुद्धा सर्वच बाण नाराच नव्हते. तसे असणे कोणत्याही खजिन्याला परवडले नसते.

‘शर’ या शब्दाचा मूळ अर्थ गवत आणि रूढ अर्थ बाण. ज्या जातीच्या नळीपासून आपल्या पूर्वजांनी लिहिण्यासाठी बोरू घेतला, तशाच नळीपासून लढण्यासाठी बाण घेतला. नळीच का, याचे उत्तर आजच्या यंत्रशास्त्रातही तेच आहे. दांड्याचा ताठपणा त्याच्या मधल्या गाभ्यावर अवलंबून नसून बाहेरच्या कडेवर अवलंबून असतो. गाभा काढून टाकला तर वजन बरेच घटते, ताठपणा मात्र थोडाच घटतो. वेळू ही नळी निसर्गाने आयती करून ठेवली होती. तिच्यात खोट एकच, पण मोठी: प्रत्येक वेळूची पेरे वेगळी, जाडी वेगळी, बाक वेगळा. रणांगणावर समोर सेनेची दाट फळी असताना या खोटीने काही बिघडत नसे. एका शत्रूला चुकलेला बाण शेजारच्याला लागे. पण एकाच ठिपक्यावर सहा बाण एकामागून एक लावावयाचे झाले की हीच खोट सर्वांत मोठी अडचण ठरते.

बाणासाठी कोणते लाकूड घ्यावे, याविषयीचा एक तपशीलवार जुना विचार इंग्लंडमध्ये सापडतो. १५४५ साली रॉजर ॲस्कम या केंब्रिजच्या पंडिताने ‘टॉक्सोफिलस’ नावाचा धनुर्विद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध करून तो आठव्या हेन्री राजाला अर्पण केला. पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झालेला तो हाच. पुस्तक राजाला इतके आवडले की त्याने ग्रंथकर्त्यास वर्षाला दहा पौंडांचे वेतन लावून दिले. ग्रंथलेखनाच्या व्यवसायात असा सुयोग तेव्हाही विरळा होता. ॲस्कमने बाणासाठी वापरल्या जाणाऱ्या पंधरा लाकडांची नावे दिली आहेत आणि त्यांची प्रतवारी लावली आहे. काही लाकडे जड आणि मंद, काही हलकी आणि अस्थिर, आणि बर्च, ॲश यांसारखी मधली लाकडे पुरेशी बळकट व पुरेशी हलकी, असा त्याचा निवाडा आहे. बाण फार लांब नको, फार आखूड नको, फार जाड नको, फार बारीक नको. ज्याचा त्याच्या धनुष्याला आणि ज्याच्या त्याच्या अंगाला साजेल असा हवा, यावर त्याचा मोठा कटाक्ष आहे. हा सल्ला आज पाचशे वर्षांच्या उंबरठ्यावरही जुना झालेला नाही.

पण त्याच्या पुस्तकातील सर्वांत उद्बोधक वाक्य एका तक्रारीचे आहे. लढाईचे बाण चांगल्या ॲशच्या लाकडाचे करावेत, हल्ली करतात तसे ॲस्पनचे करू नयेत, असे तो म्हणतो. ॲस्पन हा पॉप्लर जातीचा वृक्ष; लाकूड मऊ, हलके, लवकर वाढणारे. ॲशचा बाण वजनदार, म्हणून त्याचा आघात जबर. ही तक्रार कितपत खरी होती, हे पडताळून पाहण्याची संधी इतिहासाने विलक्षण रीतीने दिली. पुस्तक निघाले त्याच वर्षी, १९ जुलै १५४५ रोजी, आठव्या हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका पोर्ट्समथजवळच्या समुद्रात बुडाली. चार शतके ती चिखलात पडून होती. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचा सांगाडा वर काढण्यात आला, आणि तिच्यातून मिळालेल्या वस्तूंमध्ये १३७ अखंड धनुष्ये व साडेतीन हजारांहून अधिक बाण होते. त्या बाणांचे लाकूड तपासले असता बहुतेक सारे पॉप्लरचे निघाले.

म्हणजे राजाच्या आरमाराने पंडिताचा सल्ला मानला नव्हता. तो मानणे शक्यही नव्हते. बाण लाखांच्या हिशोबाने लागत आणि तयार करावयास सोपे, मुबलक लाकूड हेच व्यवहारात चांगले लाकूड ठरे. १४१६ सालीच इंग्लंडच्या पार्लमेंटने ॲस्पनच्या लाकडाचे खडावांसारखे जोडे करण्यास मनाई करणारा कायदा केला होता, कारण ते लाकूड बाणकारांना पुरावयास हवे होते. दुसऱ्याच वर्षी पाचव्या हेन्रीने प्रत्येक हंसिणीची सहा सहा पिसे बाणांसाठी गोळा करण्याचे हुकूम सोडले. अंथरुण पाहून पाय पसरण्याची ही राजनीती होती. ॲस्कम गुणाचा विचार करीत होता, सरकार संख्येचा; आणि दोघांचेही आपापल्या जागी चूक नव्हते. आजच्या खेळाडूला मात्र या दोहोंचा मेळ स्वतःच्याच खिशात घालावा लागतो.

बंदूक आली आणि युद्धातून बाण गेला. तो उरला खेळापुरता, आणि खेळात आल्याबरोबर त्याच्याकडून होणारी अपेक्षाच पालटली. १८४४ साली यॉर्क येथे इंग्लंडचा पहिला मोठा राष्ट्रीय मेळावा भरला. शंभर, ऐंशी व साठ यार्ड अशा तीन अंतरांवरून मिळून बारा डझन बाण मारावयाचे, अशी तेथील पुरुषांची स्पर्धा असे. आता शत्रूच्या चिलखताचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो पहिल्या बाणासारखाच शेवटचा बाण जाण्याचा. सामर्थ्याची जागा सारखेपणाने घेतली. त्या काळचे इंग्रज बाणकार बाणाचे वजन शिलिंग आणि पेन्समध्ये सांगत, ही मौज नमूद करण्यासारखी आहे. पाच शिलिंगांचा बाण म्हणजे पाच शिलिंग किमतीचा नव्हे, तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात चांदीची पाच शिलिंगांची नवी नाणी टाकल्यावर बरोबर उतरेल तो. शिलिंगाचे नाणे आपल्या अर्ध्या तोळ्याच्या आसपास भरे. तेव्हा असा बाण अडीच तोळ्यांच्या आत-बाहेरचा होई. १८५७ साली चेल्टनहॅम येथे होरेस फोर्ड या विख्यात धनुर्धराने १२५१ गुण मिळविले आणि हा आकडा पुढे कित्येक दशके कोणास ओलांडता आला नाही. त्याचे बाण लाकडाचेच होते, परंतु निवडून, तोलून, जोडीला जोड लावून घेतलेले होते. लाकडात सारखेपणा निर्माण करता येत नाही. तो फक्त ढिगातून वेचून काढता येतो. आणि वेचण्याची मजुरी किमतीत चढते.

येथवर एक गोष्ट सर्वांना अनुभवाने ठाऊक होती, पण तिचे कारण नीट कोणी सांगितले नव्हते. धनुष्याच्या मुठीच्या एका बाजूला टेकलेला बाण खरे पाहता त्या बाजूला तिरका जावयास हवा. तरीही योग्य बाण सरळ जातो. या कोड्याला ‘धनुर्धराचा विरोधाभास’ असे नाव पडले. ते उलगडले विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात. रॉकेटविद्येचे प्रवर्तक गॉडर्ड यांचा एकेकाळचा सहकारी, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचा पदार्थशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन याने अतिवेगवान छायाचित्रणाने सुटत्या बाणाची चित्रे घेतली. त्यांत दिसले ते असे: दोरीचा धक्का बसताच बाण धनुकलीसारखा वाकतो, मुठीला वळसा घालून उलट बाजूस वाकतो, आणि मासा पोहावा तसा लवलवत लक्ष्याकडे जातो. बाणाची ही लवण धनुष्याच्या जोराशी जुळली तर त्याची शेपटी मुठीला न घासता निसटते. बाण फाजील ताठ असला तर एका बाजूला फेकला जातो, फाजील मऊ असला तर दुसऱ्या. ॲस्कमने जे ‘साजणे’ म्हटले होते त्याला येथे अंकांचे रूप मिळाले.

आजची मोजण्याची रीत अशी आहे. अठ्ठावीस इंचांवरील दोन आधारांवर दांडा आडवा ठेवतात आणि मधोमध ८८० ग्रॅमचे वजन टांगतात. तो जितका लवेल ते अंतर इंचाच्या हजाराव्या भागात सांगितले की त्या दांड्याचा अंक मिळतो. अर्धा इंच लवणाऱ्या दांड्याचा अंक ५००. एक इंच लवणाऱ्याचा १०००. अंक जितका लहान तितका बाण ताठ. नवख्या माणसाची येथे हटकून फसगत होते, कारण मोठा आकडा म्हणजे भारी माल अशी बाजाराची सवय त्याच्या अंगी असते.

सारखेपणा वेचण्याऐवजी घडविता यावा, ही धडपड याच सुमारास कॅलिफोर्नियात चालू होती. जेम्स ईस्टन हा तरुण १९२२ पासून देवदार जातीच्या लाकडाचे बाण करीत असे. प्रत्येक काडीचा स्वभाव निराळा पाहून तो कंटाळला आणि १९३९ साली ॲल्युमिनियमच्या नळीकडे वळला. १९४१ साली अशा बाणांनी लॅरी ह्यूज याने अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. युद्धामुळे ॲल्युमिनियम दुर्मिळ झाले. युद्ध संपल्यावर १९४६ पासून हे बाण रीतसर बाजारात आले. धातूची नळी यंत्रातून ओढली जाते, म्हणून पहिली नळी आणि शंभरावी नळी यांत लाकडासारखे अंतर राहात नाही. तिच्यावर छापलेल्या चार आकड्यांतही हा हिशोबीपणा दिसतो: १८१६ म्हणजे जाडी इंचाचे अठरा चौसष्टांश, आणि नळीच्या भिंतीची जाडी इंचाचे सोळा हजारांश. १९७२ साली म्यूनिक येथे धनुर्विद्या ऑलिंपिकमध्ये परत आली तेव्हा ॲल्युमिनियमचा बाण सर्वमान्य झालेला होता. त्याचा दोष एवढाच की तो वाकतो. पण वाकलेला पुष्कळदा पुन्हा सरळही करता येतो.

कार्बनचा मार्ग मात्र वेगळ्याच दिशेने आला. त्याच्या कुळात पुन्हा वेळू भेटतो, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. १८८० च्या सुमारास एडिसनने आपल्या विजेच्या दिव्यासाठी जपानमधील क्योटोच्या परिसरातील बांबूचे तंतू जाळून कोळशाचे धागे केले होते. त्या धाग्यांना प्रकाश होता, बळ नव्हते. १९५८ साली अमेरिकेत रॉजर बेकन याने अतिशय बळकट कार्बनतंतू प्रयोगशाळेत तयार केले. त्यानंतर लवकरच जपानमध्ये अकिओ शिंदो याने आणि पाठोपाठ इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेने कृत्रिम धाग्यापासून असे तंतू करण्याची व्यवहार्य रीत शोधली. १९७१ पासून जपानच्या तोरे कंपनीने त्यांचे व्यापारी उत्पादन सुरू केले. विमानांसाठी जन्मलेली ही वस्तू मासेमारीच्या गळकाठ्या, गोल्फचे दांडे आणि टेनिसच्या रॅकेटी यांत शिरली आणि तेथून बाणात आली. राळेत बसविलेल्या कार्बनतंतूंचे वजन ॲल्युमिनियमच्या सहा-दशांशाइतके भरते, आणि तंतूंच्या दिशेने त्यांचा ताठपणा मात्र दीडपटीहून अधिक असतो. त्यामुळे बाण बारीकही झाला आणि हलकाही. १९८३ साली ईस्टनच्या कारखान्याने ॲल्युमिनियमच्या पातळ नळीवर कार्बनचे कवच चढविले. त्याच दशकात निव्वळ कार्बनचे बाणही आले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी मध्यभागी किंचित जाड व दोन्ही टोकांकडे निमुळता असा ‘एक्स-१०’ हा बाण पुढे आला आणि थोरामोठ्यांच्या स्पर्धांत त्याने ठाण मांडले.

किमतीचे आजचे चित्र येथून सुरू होते. अगदी साध्या कार्बन बाणांच्या डझनाला जे पडते त्याच्या कित्येक पट अशा निमुळत्या बाणांच्या डझनाला पडते. हा पैसा कशाकशाचा, हे इतिहासाच्या उजेडात पाहिले पाहिजे. एक भाग बारीकपणाचा आहे. सत्तर मीटरवर बाण पोचेपर्यंत वारा त्याला बाजूला लोटतो. बारीक बाणावर वाऱ्याचा पगडा कमी. दुसरा भाग निमुळतेपणाचा, कारण तसा घाट आणण्यासाठी दांडा घासावा लागतो. आणि बराच मोठा भाग वेचणीचा आहे. व्हिक्टोरियाच्या काळी जी मजुरी लाकूड वेचण्याची होती तीच आज कार्बन वेचण्याची आहे. पुष्कळ कारखान्यांत एकाच साच्यातून निघालेले दांडे सरळपणाच्या मापाने वेगळे काढतात: इंचाच्या सहा हजारांशापर्यंत चूक असलेले स्वस्त, तीन हजारांशापर्यंतचे मध्यम, एक हजारांशाचे महाग. सहा हजारांश इंच म्हणजे मिलिमीटरचा सहावा हिस्सासुद्धा नव्हे. शिवाय मोजण्याची रीत सर्वांची सारखी नसल्यामुळे एका कारखान्याचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नसतो.

सत्तर मीटरवरील लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर, आणि त्यातील दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे. ज्याचे बाण अद्याप निळ्या-काळ्या पट्ट्यांत विखुरतात त्याच्या बाबतीत हजारांश इंचाचा दोष हाताच्या दोषात पार बुडून जातो. त्याने महाग सरळपणा विकत घेणे म्हणजे गळक्या घागरीला चांदीचे झाकण बसविणे होय. उलट ताठपणाचा अंक चुकला तर सर्वांत महागडा बाणही बाजूला जातो. आणि बरोबर अंकाचा बाण चुकीच्या अंकाच्या बाणापेक्षा एक पैसाही अधिक महाग नसतो. कमी पैशांत बाण निवडणाऱ्याच्या पदरी इतिहासाने टाकलेली ही मोठी सवलत आहे. पहिला खर्च म्हणून आपल्या ओढीची लांबी आणि पूर्ण ओढल्यावर धनुष्याचा पौंडांत भरणारा जोर मोजून घ्यावा. त्याला काहीच पडत नाही. धनुष्यावर छापलेला जोर ठरावीक ओढीचा असतो, स्वतःच्या ओढीचा नव्हे. त्यानंतर कारखान्याचा तक्ता पाहावा, आणि त्याला शेवटचा शब्द न मानता आरंभ मानावा.

बाणाचे वागणे पुढेही थोडे वळविता येते. दांडा कापून आखूड केला की तो ताठ वागतो. टोक जड केले की मऊ. म्हणून शहाणा माणूस दांडा एकदम कापीत नाही. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर इंच-दीड इंच लांबी हाती ठेवणे केव्हाही चांगले: सहा महिन्यांत हात वाढतो, धनुष्य बदलते, आणि नेमका कापलेला महाग बाण घरात शोभेपुरता उरतो. आखूड पडलेला बाण ओढताना टेकूच्या मागे आला तर हाताला इजा होते, ही गोष्ट वेगळीच. जुळणी पाहण्याची जुनी रीत बिनपिसाच्या बाणाची. वीस-तीस मीटरवरून पिसे लावलेले तीन-चार बाण मारावेत आणि मग त्याच जातीचा एक बिनपिसाचा मारावा. रिकर्व्ह धनुष्याच्या उजव्या हाताच्या धनुर्धराचा हा बोडका बाण घोळक्याच्या डावीकडे लागला तर दांडा ताठ, उजवीकडे लागला तर मऊ. पिसे दोष झाकतात. बोडका बाण तो उघडा करतो. धनुष्याचा जोर थोडा फिरवून, टोकाचे वजन बदलून पुष्कळदा एक पैही न खर्चता ही जुळणी साधते.

मैदानी नेमबाजीसाठी मध्यम उत्पन्नाच्या माणसाने कोठे थांबावे, याचे उत्तरही एवढ्याने सुचते. आतला व्यास ६.२ मिलिमीटरचा साधा कार्बन दांडा शिकाऊ माणसाला तीस मीटरपर्यंत उत्तम. मोठ्या अंतरावर जाताना ४.२ मिलिमीटर व्यासाचा, सर्वत्र सारख्या जाडीचा, तीन हजारांश सरळपणाचा निव्वळ कार्बन दांडा घ्यावा. निमुळत्या दांड्याचा बहुतेक लाभ त्यात पुष्कळ कमी किमतीत मिळतो. सहा भारी बाणांपेक्षा एकाच घाण्यातले बारा मध्यम बाण बरे, कारण स्पर्धेत एका फेरीत सहा लागतात, दोन-तीन तरी राखीव हवेत, आणि नंतर घेतलेला दुसऱ्या घाण्यातला माल पहिल्याशी जुळेलच असे नाही. उरलेली वेचणी स्वतः करावी. सराफाच्या काट्यावर प्रत्येक बाण तोलता येतो. कार्बनचा बाण साधारण दोन तोळ्यांच्या आत-बाहेर भरतो आणि त्यातील थोडासा फरकही काटा दाखवितो. बाणांवर आकडे घालावेत, पंधरवडाभर कोणता आकडा कोठे लागला याची वही ठेवावी. जो बाण नित्य एकाच बाजूला भरकटतो त्याची खाच थोडी फिरवून पाहावी. गुंडाळीच्या सांध्यामुळे कार्बनची नळी सर्व अंगांनी अगदी सारखी लवत नाही, तेव्हा एवढ्यानेही तो पुष्कळदा ताळ्यावर येतो. नाही आला तर तो सरावाला ठेवावा. कारखान्याने जी मजुरी लावली असती ती अशा रीतीने स्वतःच्या वेळेत फिटते.

काटकसर कोठे करू नये, हेही सांगितले पाहिजे. कार्बन वाकत नाही. तो सरळ तरी असतो किंवा तुटतो, आणि तुटण्यापूर्वीची चीर पुष्कळदा डोळ्याला दिसत नाही. असा बाण दोरीवरून सुटताना फुटला तर त्याच्या सळ्या धनुष्याच्या हातात शिरतात. म्हणून कठीण वस्तूवर आदळलेला किंवा दुसऱ्या बाणाचा मार खाल्लेला प्रत्येक बाण दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवावा, फिरवून पुन्हा वाकवावा, करकर ऐकू आली की मोडून टाकावा. चीर चिकटपट्टीने बांधून चालविण्याचा मोह गरिबीत होतो. तो भलताच महाग पडतो. खाचेच्या जागी धातूची बारीक खुंटी बसवून तिच्यावर खाच लावली, तर मागून बसलेला मार खुंटीवर निभावतो आणि दांडा वाचतो. एवढी एक वस्तू मात्र थोडे अधिक देऊन घेण्यासारखी आहे.

भारतात हा हिशोब पुस्तकी राहिलेला नाही. अखिल भारतीय तिरंदाजी संघटना १९७३ साली स्थापन झाली आणि १९८८ साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये भारताचे धनुर्धर प्रथम उतरले. त्यांत उदयपूर जिल्ह्यातील आदिवासी तरुण लिंबाराम होता; बांबूच्या तीरकमठ्यावर त्याचा हात लहानपणीच बसला होता. १९९२ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तीस मीटरवर त्याने जागतिक उच्चांकाची बरोबरी केली. रांचीजवळच्या रिक्षाचालकाची मुलगी दीपिका कुमारी हिने २००५ साली खरसावाच्या केंद्रात शिकण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या वर्षी जमशेदपूरच्या टाटा अकादमीत तिला आधुनिक साहित्य मिळाले, आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्णपदक घेतले. वेळूवर बसलेला हात फुकट गेला नव्हता. मधले अंतर साहित्याचे होते आणि ते कोणीतरी भरून द्यावे लागले.

ज्याला ते भरून देणारी अकादमी मिळत नाही त्याच्या घरावर ते येते. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या मजूर कुटुंबातील प्रवीण जाधव शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीतून वर आला आणि २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला. सातारा जिल्ह्यातील शाळामास्तरांची मुलगी अदिती स्वामी हिचा सराव उसाच्या शेतात तयार केलेल्या मैदानावर झाला. तिच्या साहित्यासाठी वडिलांनी कर्ज काढले. तिचे धनुष्य कंपाउंड जातीचे. त्यात दोरी यंत्राच्या घोड्याने सुटते, म्हणून बाणाची आडवी लवण थोडी आणि जुळणीचा हिशोब निराळा; सारखेपणाची अट मात्र अधिकच कडक. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत सतरा वर्षांच्या अदितीने अंतिम फेरी १४९ विरुद्ध १४७ अशी जिंकली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने पुरुषांची अंतिम फेरी १५० विरुद्ध १४९ अशी घेतली. अंतर पन्नास मीटर, दहा गुणांचे वर्तुळ आठ सेंटिमीटरचे, प्रत्येकाचे बाण पंधरा. अदितीचा त्यांतला एकच नऊच्या पट्टीत गेला; ओजसचा एकही नाही.